सुनेला चागास निघालाय: बाळंतपण कोल्हापुरात की बार्सिलोनात?

गंगावेशकर
नमस्कार मंडळी. नेहमी खाण्यापिण्याच्या धाग्यांवर बागडणारा माणूस आज आरोग्य विभागात आलाय, सांभाळून घ्या.

माझा पुतण्या बार्सिलोनात असतो. सून बोलिव्हियाची, कोचाबांबा गावची. गुणी पोरगी, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगल्या भाकरी थापते. सध्या सहावा महिना चालू आहे. तिकडच्या तपासणीत तिला चागास नावाचा आजार असल्याचं निघालं. तिला स्वतःला काडीचा त्रास नाही, मागं आली होती तेव्हा आमच्या आधी पन्हाळ्याच्या तटावर पोचली होती. तिकडचे डॉक्टर म्हणतात, गरोदरपणात औषध देत नाहीत, बाळंतपणानंतर बघू, बाळाची तपासणी मात्र करायची.

इकडं वहिनींचा हट्ट सुरू झालाय. "मागच्या वेळेसारखं इथंच करू. तिकडं तिला कोण बघणार? आजार निघालाय तर उलट घरची माणसं जवळ पाहिजेत." भाऊ नेहमीप्रमाणं पेपर वाचतोय. पुतण्या मधल्या मध्ये अडकलाय आणि रात्री मला फोन करतो.

विचारायचं असं, की आईला असला म्हणजे बाळाला होतोच का? झाला तर काय होतं? आणि कोल्हापुरात याची तपासणी, औषध वगैरे होतं का? आमच्या घरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "एमबीबीएसला वाचलाय, पेशंट बघितला नाही." मला त्यांचं हे उत्तर आवडलं, पण वहिनींना नाही आवडलं.

हिरवी मिरची
नाव पहिल्यांदाच ऐकलं. वाचत्ये.

उनाड पाखरू
हाच ना तो ढेकणासारखा किडा रात्री तोंडाला चावतो तो? कुठल्यातरी चॅनेलवर बघितलं होतं. त्या रात्री गादी उन्हात टाकायचीच बाकी होती.

पेठेतला पैलवान
आमच्या तालमीतल्या गाद्यांत जेवढे ढेकूण होते तेवढे बोलिव्हियात पण नसतील. अजून जिवंत आहे. काळजी नसावी भावा.

अभ्यासू आगाऊ
पैलवान, तालमीतले ढेकूण वेगळे आणि हे वेगळे. तुमच्यावर राज्य करून गेले ते साधे ढेकूण, त्यांच्यामुळं माणसाला चागास होत नाही.

चागासचा जंतू म्हणजे ट्रिपॅनोसोमा क्रूझी, एकपेशीय परजीवी. तो पसरवणारा किडा ढेकणाचाच लांबचा नातलग, पण आकारानं चांगला इंचभर. बोलिव्हिया-अर्जेंटिनात त्याला विंचुका म्हणतात. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गवती छपरात राहतो, रात्री बाहेर पडून झोपलेल्याचं रक्त पितो. गंमत म्हणजे आजार चाव्यातून होत नाही. रक्त पिता पिता तो तिथंच विष्ठा टाकतो, जंतू असतो त्या विष्ठेत. माणूस झोपेत खाजवतो आणि ते जखमेत किंवा डोळ्यात जातं. कोचाबांबाच्या खोऱ्यातल्या जुन्या मातीच्या घरांत हा किडा पिढ्यान् पिढ्या होता. सूनबाईंना बहुधा लहानपणीच लागण झाली असेल, नाहीतर त्यांच्या आईकडूनच आली असेल.

शोधाची कथा मला फार आवडते. कार्लोस चागास हा ब्राझीलचा तरुण डॉक्टर. रेल्वेचं काम चालू होतं, मजूर मलेरियानं आजारी पडत होते, म्हणून त्याला लासान्स नावाच्या गावी पाठवलं. मलेरियासाठी गेलेल्या माणसानं झोपड्यांतले किडे पकडून सूक्ष्मदर्शकाखाली घातले आणि त्यात नवाच जंतू बघितला. त्याला नाव दिलं आपले गुरू ओस्वाल्दो क्रूझ यांचं. मग १४ एप्रिल १९०९ ला बेरेनिसी नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात तोच जंतू सापडला. जंतू, तो पसरवणारा किडा आणि माणसाचा आजार, तिन्ही एकाच माणसानं शोधल्याचं उदाहरण वैद्यकात फार दुर्मिळ. आता १४ एप्रिल हा जागतिक चागास दिन असतो. आपल्याकडं त्या दिवशी आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत आपण असतो, त्यामुळं पत्ता लागत नाही.

आणि ती बेरेनिसी पुढं सत्तरी ओलांडून जगली. वहिनींना हे आधी सांगा.

हिरवी मिरची
सत्तरी! बरं वाटलं वाचून.

स्पष्टवक्ता
कटू बोलतो, राग मानू नका. लग्नाआधी पत्रिका बघतो तसे रक्ताचे रिपोर्ट बघायला नकोत का? परदेशातल्या मुलीशी लग्न करताना तरी.

मुक्काम बार्सिलोना
स्पष्टवक्ते, तुमच्या पत्रिकेत थॅलेसेमियाचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा, रकाना असतो का? आपल्याकडची किती घरं लग्नाआधी ती तपासणी करतात? या मुलीला स्वतःलाच माहीत नव्हतं. चागास झालेल्या बहुतेकांना माहीत नसतं, कारण वर्षानुवर्षं काही जाणवतच नाही. इथं माझ्या ओळखीत बोलिव्हियन बायका आहेत, वयस्कर माणसं सांभाळण्याचं काम करतात. नोकरी जाईल या भीतीनं आजाराचं नाव उच्चारत नाहीत. आणि बोलणारे असलंच बोलतात.

गंगावेशकर काका, मी बार्सिलोनातच आहे. पुतण्याला सांगा, योग्य ठिकाणी आहे तो. कातालोनियात, म्हणजे बार्सिलोना ज्या प्रांतात आहे तिथं, २०१० पासून लॅटिन अमेरिकेतून आलेल्या गरोदर बायकांची चागास चाचणी पद्धतशीर करतात, आई पॉझिटिव्ह निघाली तर बाळाचा पाठपुरावा ठरलेला. इथं लाखो लॅटिन अमेरिकन आहेत, त्यामुळं डॉक्टरांना हा आजार रोजचा आहे.

स्पष्टवक्ता
बरं. थॅलेसेमियाचा मुद्दा योग्य आहे. पण रिपोर्ट बघावेत हे मत कायम.

सर्जा-राजा
मी गुरांचा डॉक्टर, कागल भागात. तुमच्या धाग्यात घुसतोय कारण ट्रिपॅनोसोमा नाव वाचलं आणि राहवेना.

या जंतूचा चुलतभाऊ आपल्या गोठ्यात असतो, ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. आजाराचं नाव सर्रा. घोडा, उंट, म्हैस, गाय सगळ्यांना होतो. मोठ्या चावऱ्या माश्या पसरवतात, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. ताप येतो-जातो, जनावर खंगतं, दूध उतरतं, कधी डोकं फिरल्यासारखं गोल गोल फिरतं. रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की वळवळ दिसते.

माणसाला सहसा होत नाही. पण २००४ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा गुरांचा जंतू सापडला होता. जगभर गाजलेली केस. पुढं कळलं की आपल्या रक्तात ॲपोएल-१ नावाचं प्रथिन असतं, ते या जंतूला मारतं, आणि त्या माणसाच्या रक्तात नेमकं तेच नव्हतं. सुरामिन हे जुनं औषध देऊन तो बरा झाला.

एवढं सांगायचं कारण, कुणी "सर्रा म्हणजेच चागास, गोठ्यात जाऊ नका" असं व्हॉट्सॲपवर फिरवू नये. दोन्ही वेगळे आहेत.

पेठेतला पैलवान
म्हणजे कट्ट्यावर धारोष्ण दूध पिताना घाबरायचं नाही ना?

सर्जा-राजा
सर्राला घाबरू नका. दूध उकळून प्या असं मी कायम सांगतो आणि कोल्हापुरात कायम कोणी ऐकत नाही. त्याची कारणं वेगळी, त्यावर वेगळा धागा काढा.

डॉक्टरीणबाई
उशिरा येतेय, ओपीडी संपवून. मी बालरोगतज्ज्ञ आहे, सांगलीला. आधीच सांगते, चागासचं बाळ मी स्वतः हाताळलेलं नाही, आपल्याकडं कुणी क्वचितच हाताळलं असेल. पण जन्मजात संसर्ग हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे आणि याविषयी मी वाचलेलं आहे.

आईला जुना चागास असेल तर बाळाला जाण्याचं प्रमाण शंभरात साधारण पाच. काही ठिकाणी त्याहून कमी, काही ठिकाणी थोडं जास्त. म्हणजे बहुतेक बाळं सुटतात. पण लागण झालेल्या आयांची संख्याच मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या अंदाजात लॅटिन अमेरिकेत मूल होण्याच्या वयातल्या ११ लाखांवर बायकांना लागण होती आणि वर्षाला ८,६६८ बाळं जन्मतःच हा जंतू घेऊन येत होती. किड्यांवर फवारणी होऊन गावागावांतून विंचुका हटला, तसा आईकडून बाळाकडं हा मार्ग जास्त महत्त्वाचा ठरत गेला.

जंतू वारेतून जातो. म्हणून सिझेरियन केल्यानं काही वाचत नाही. (हा प्रश्न वहिनी विचारणारच.) आईच्या रक्तात जंतूंची संख्या जास्त असेल तर धोका वाढतो. नवीन लागण असेल किंवा एचआयव्हीसारख्या कारणानं प्रतिकारशक्ती खालावलेली असेल तर असं होतं. तुमच्या सुनेच्या बाबतीत तसं काही दिसत नाही.

आता बाळावर काय परिणाम होतो. लागण झालेली बहुतेक बाळं जन्मताना ठणठणीत दिसतात. रडतात, पितात, वजनाला बरी असतात, आणि फसगत तिथंच होते. काहींना मात्र जन्मापासून त्रास असतो: अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजन, ताप, कावीळ, रक्त कमी, पोटाला हात लावला तर यकृत आणि प्लीहा वाढलेली, श्वासाची धाप. थोड्यांच्या हृदयाच्या स्नायूला किंवा मेंदूला सूज येते, ती बाळं दगावूही शकतात. हे चित्र सिफिलिस, टॉक्सोप्लाझ्मा, सीएमव्ही या आईकडून बाळाला होणाऱ्या इतर संसर्गांसारखंच दिसतं. त्यामुळं नुसतं बाळ बघून कुणी चागास ओळखणार नाही, आणि ज्यानं कधी बघितलाच नाही तो तर नाहीच नाही.

ठणठणीत दिसणाऱ्या बाळाला औषध दिलं नाही तर जंतू शरीरात मुक्काम करतो. वीस-तीस वर्षं काही नाही. मग अशा रुग्णांपैकी शंभरात वीस-तीस जणांचं हृदय बिघडतं, ठोके चुकतात, हृदय पसरतं. काहींची अन्ननलिका किंवा मोठं आतडं फुगून निकामी होतं.

आणि चांगली बातमी. पहिल्या वर्षात ओळखलं आणि औषध दिलं तर शंभरातली नव्वदहून जास्त बाळं पूर्ण बरी होतात. बेंझनिडाझोल किंवा निफर्टिमॉक्स, साधारण दोन महिने. मोठ्या माणसांना या गोळ्यांनी अंगावर पुरळ, हातापायांना मुंग्या, भूक जाणं असले त्रास होतात. तान्ही बाळं मात्र ही औषधं बरीच चांगली सोसतात. बाळांसाठी १२.५ मिलिग्रॅमची छोटी गोळी ब्राझीलच्या सरकारी औषध कारखान्यानं २०११ च्या सुमारास काढली. त्याआधी मोठ्यांच्या गोळीचे तुकडे करून द्यावे लागत.

ही औषधं तुमच्या-माझ्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत. माझं मत स्पष्ट आहे, बाळंतपण तिकडंच होऊ द्या.

माहेरचा आहेर
डॉक्टर, आदर ठेवून असहमत. शंभरातल्या पंच्याण्णव बाळांना काही होत नाही हे तुम्हीच सांगता. त्या पाचांसाठी पोरीला परक्या गावात, मोठ्या पोटानं, एकटीनं काढायला लावायचं? माझं बाळंतपण मी परदेशात नवऱ्याबरोबर काढलंय. बाळंतपणानंतरचे दिवस काय असतात ते रिपोर्टमध्ये येत नाही. कोल्हापुरात आता काय कमी आहे? एनआयसीयू (तान्ह्या बाळांचे अतिदक्षता विभाग) आहेत, चांगले डॉक्टर आहेत. रक्त काढून कुरिअरनं मोठ्या लॅबला पाठवता येतं. औषध लागलंच तर पुतण्या घेऊन येईल.

लॅबवाला
कुरिअरचं बोलायचं तर मी त्या धंद्यात आहे, म्हणून थोडं.

बाळ जन्मलं की नाळेचं किंवा बाळाचं ताजं रक्त काचेच्या बारीक नळ्यांत घेऊन फिरवतात. पांढऱ्या पेशींचा थर बसतो, त्याच्या आसपास सूक्ष्मदर्शकानं जंतूची हालचाल शोधतात. हालचाल बघायची म्हणजे जंतू जिवंत पाहिजे. ताजं रक्त, सरावलेला डोळा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून मुंबईला पाठवून तिथून पुढं जाईपर्यंत ते रक्त कशाच्याही कामाचं राहणार नाही. पहिल्या दिवशी जंतू कमी असतात म्हणून महिन्याभरानं परत बघतात, तेव्हा सापडण्याची शक्यता जास्त. पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, पाठवता येईल, पण तो या जंतूसाठी करणारी लॅब आधी शोधा.

तिसरी अँटिबॉडीची (जंतूशी लढायला शरीर बनवतं त्या प्रथिनांची) चाचणी, ती लगेच करून उपयोग नाही. आईच्या अँटिबॉडी बाळात आलेल्या असतात, त्यामुळं निरोगी बाळाचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येणार. आईनं बांधून दिलेली शिदोरी ती, आठ-दहा महिन्यांत संपते. त्यानंतर निगेटिव्ह आला तर विषय संपला. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर बाळाचं स्वतःचं इन्फेक्शन समजायचं.

आणि बाळ आजारी दिसलं की आपण जी टॉर्च पॅनेल (जन्मजात संसर्गांच्या चाचण्यांचा संच) लिहून पाठवतो, त्यात चागास नसतो. पॅनेल निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका.

माहेरचा आहेर
ताज्या रक्ताचा मुद्दा मान्य. पण मग आजी तिकडं का जात नाही? हे कुणी बोलतच नाहीये.

गंगावेशकर
आजी, म्हणजे आमच्या वहिनी, कधी पुण्यापलीकडं गेलेल्या नाहीत. विचारून बघतो. फटके बसले तर इथंच सांगीन.

गुळाची ढेप
माझं गुऱ्हाळ आहे, म्हणून एक वाचलेलं आठवलं. ब्राझीलमध्ये २००५ साली सांता कातारीना राज्यात रस्त्याकडेच्या दुकानात उसाचा रस प्यालेल्या लोकांना हाच आजार झाला होता. किडा उसाबरोबर चरकात गेला. काही जण दगावले पण. खरं आहे का हे?

अभ्यासू आगाऊ
खरं आहे. तोंडावाटे लागण झाली तर जंतू एकदम मोठ्या संख्येनं जातो, आजार जोरात होतो. ॲमेझॉनच्या भागात आसाई नावाच्या फळाच्या रसातूनही होतो. २००७ मध्ये काराकासच्या एका शाळेत पेरूच्या रसातून शंभरावर लोकांना लागण झाली होती.

पेठेतला पैलवान
झालं. ढेकूण गेले, दूध गेलं, आता रस पण गेला. जगायचं कशासाठी?

अभ्यासू आगाऊ
पैलवान, रस प्या. या कुळातले काही किडे भारतात आहेत, पण हा जंतू इथल्या किड्यांत नाही. गुऱ्हाळात बर्फ कुठला टाकतात तेवढं बघा.

गुळाची ढेप
आमच्याकडं बर्फच टाकत नाहीत. या कधीतरी, काकवी पण देतो.

सिस्टर (निवृत्त)
सगळा धागा वाचला. तीस-बत्तीस वर्षं प्रसूती विभागात काढली आहेत, म्हणून एक विचारते.

गंगावेशकर, तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये वहिनींचं वाक्य लिहिलंय: "मागच्या वेळेसारखं इथंच करू"

मागच्या वेळी म्हणजे पहिलं मूल आहे. ते इथं जन्मलं. तेव्हा आईची चागास तपासणी झाली होती का? आपल्याकडं एचआयव्ही, सिफिलिस, कावीळ बी एवढं बघतात, हे बघत नाहीत. सगळे पोटातल्या बाळाविषयी बोलताय, त्या मुलाचं काय?

हिरवी मिरची
बापरे. हे माझ्या लक्षातच आलं नाही.

डॉक्टरीणबाई
सिस्टर, नमस्कार घ्या. गंगावेशकर, लगेच सांगा.

गंगावेशकर
मुलगी आहे. पाच पूर्ण होऊन सहावं लागलंय. तेव्हा पुतण्या पुण्यात नोकरीला होता, बाळंतपण राजारामपुरीत झालं. वजन साडेपाच पौंड, सगळं सुखरूप म्हणून आम्ही पेढे वाटले. तपासणी अर्थातच झाली नाही, नावही माहीत नव्हतं कुणाला. आता तिकडं शाळेत जाते, दिवसभर पळत असते. तिला पण असू शकतं?

डॉक्टरीणबाई
असू शकतं. प्रत्येक गरोदरपणात शक्यता असते. पहिल्याला नाही झालं म्हणून दुसऱ्याला होणार नाही असं नाही, आणि उलटंही नाही. पळते, शाळेत जाते यावरून काही ठरत नाही. तिची आई पन्हाळ्याला तुमच्या आधी पोचली होती, आठवतं ना?

घाबरू नका, पण पुतण्याला आज फोन करा. तिच्या वयात साधी अँटिबॉडीची चाचणी पुरते, आईच्या अँटिबॉडी कधीच गेलेल्या असणार. पॉझिटिव्ह आली तरी लहान मुलांत औषध चांगलं लागू पडतं, जितकं लवकर तितकं चांगलं. अमेरिकेत बेंझनिडाझोलला २०१७ साली मान्यता मिळाली ती दोन ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच, म्हणजे हे नेमकं तिचं वय.

सुनेची आई आणि भावंडं बोलिव्हियात असतील त्यांनाही कळवा. एकाला निघाला की सगळं घर तपासायचं असतं.

सिस्टर (निवृत्त)
आणि आईनं रक्तदान करू नये. आपल्या रक्तपेढ्यांत एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, सिफिलिस, मलेरिया बघतात, हे बघत नाहीत. मागं इथं असताना कुठल्या शिबिरात रक्त दिलं होतं का तेही विचारा. दिलं असेल तर त्या रक्तपेढीला कळवा.

गंगावेशकर
फोन झाला. शिबिरात दिलेलं नाही, सुया बघितल्या की पळते म्हणे. मुलीच्या चाचणीचं तिकडच्या डॉक्टरनं त्याला आधीच सांगितलं होतं. आम्हाला सांगितलं तर वहिनींचं बीपी वाढेल म्हणून हा गप्प बसला होता! आता माझं वाढलंय.

माहेरचा आहेर
पोरगा बिचारा. किती ठिकाणी सांभाळायचं त्यानं.

उनाड पाखरू
एक शंका. सुनेला आधीच औषध दिलं असतं तर?

डॉक्टरीणबाई
तर बहुधा हा धागाच निघाला नसता. गरोदर राहण्याआधी औषध घेतलेल्या बायकांकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण खूपच घटतं, अर्जेंटिनातल्या पाहण्यांत तर अशा आयांची बाळं जवळजवळ सगळी सुटली. म्हणून तरुण मुलींना शोधून आधी औषध द्यावं यावर आता भर आहे. अर्जेंटिनानं २००७ मध्ये कायदाच केला, गरोदर बाई आणि तिचं बाळ, दोघांची तपासणी बंधनकारक. २०१७ पासून अमेरिका खंडातल्या देशांनी एचआयव्ही, सिफिलिस आणि कावीळ बीच्या जोडीला चागासही धरलाय, चारही आजार आईकडून बाळाला जायचे थांबवायचे म्हणून.

या सुनेलाही बाळंतपणानंतर औषध देतील. बरेच डॉक्टर दूध तोडेपर्यंत थांबतात. ते तिकडं ठरवतील. स्तनपान खुशाल करू दे. स्तनाग्राला भेग पडून रक्त येत असेल तेवढे दिवस त्या बाजूनं पाजू नये. आणि एका ताटात जेवणं, मिठी मारणं, पापा घेणं यातून हा आजार पसरत नाही. घरात कुणी ताटवाटी वेगळी काढली तर मला कळवा.

स्पष्टवक्ता
डॉक्टर, ताटवाटीचं माझ्याकडं बघून बोललात काय? :)

डॉक्टरीणबाई
नाही हो. तुमचा थॅलेसेमियाचा रिपोर्ट कधी टाकताय इथं?

गंगावेशकर
मंडळी, धागा वर काढतोय. बरेच दिवस झाले, काहींनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून सगळ्यांना एकदम सांगतो.

मोठ्या मुलीचा रिपोर्ट निगेटिव्ह आला. तो यायच्या आदल्या दिवशी भावानं पेपर उलटा धरला होता, एवढंच सांगतो.

बाळंतपण बार्सिलोनातच होणार, ठरलं. वहिनींना पटवलं ते मी नव्हे, सिस्टरांच्या पोस्टनं. प्रिंट काढून वाचायला दिली. वाचून झाल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "हिला कळलं, आम्हाला कसं कळलं न्हाई? मी जातो की तिकडं. पासपोर्टाचं बघा." आता व्हिसाचे कागद जमवणं चालू आहे. सुनेचा ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी झाली, दोन्ही नॉर्मल. तिच्या आईची तपासणी कोचाबांबात झाली, त्यांना निघालाय. म्हणजे आगाऊंचा अंदाज बरोबर असू शकतो.

प्रश्न एकच उरलाय. वहिनी डिंकाचे लाडू नेणार म्हणतात, पाच किलो. विमानतळावर अडवतील का?

मुक्काम बार्सिलोना
मुलीचं वाचून हुश्श झालं.

लाडवांचं: युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप दुधातच मोजतात, नुसतं तूप किंवा खवा सापडला तर काढून घेतील. लाडवावरून अधिकाऱ्याशी वहिनींनी मराठीत वाद घालण्यापेक्षा डिंक, खारीक, सुकं खोबरं आणि हळीव न्यावेत. इथं लोणी उत्तम मिळतं, कढवलं की झालं. कढई माझ्याकडं आहे, मोठी, गावाकडची.

सिस्टर (निवृत्त)
बाळाची जन्मल्यावरची तपासणी, महिन्याची, आणि नऊ महिन्यांनंतरची, तिन्ही तारखा वहिनींच्या कालनिर्णयवर आत्ताच लिहून द्या. मधली एक निगेटिव्ह आली की लोक तिसरीला जात नाहीत, हे मी लसीकरणात बघितलंय.

पेठेतला पैलवान
वहिनी बार्सिलोनाला, भाऊ इथं एकटा. गंगावेशकर, भावाच्या जेवणाचं काय?

गंगावेशकर
त्याला पण घेऊन चालल्यात. मुलीला शाळेत सोडायचं काम दिलंय.